चिंच पाडताना शेंडा राखायचा

चिंच पाडून झाली की ताडपत्री आवरायच्या आधी एक काम करावं. शेंगा बाजूला सारून खाली पडलेल्या डहाळ्या वेचाव्यात, पेन्सिलीएवढ्या आणि तिच्याहून बारीक. ओंजळीत मावल्या तर काढणी नीट झाली. घमेलं भरलं तर पुढच्या साली जे लागणार होतं त्यातलं बरंच आज शेंगांबरोबर खाली आलं. चिंच मे ते जुलै फुलते आणि फूल धरते ते नव्या फुटीवर. ती फूट निघते याच बारीक डहाळ्यांच्या शेंड्यांतून. बांबूने झोडपताना घाव नेमका तिथे बसतो, कारण शेंगाही तिथेच लोंबत असतात. चिंच एका वर्षाआड लागते हे खरं आहे, झाडाचा तो स्वभाव आहे. पण त्या स्वभावात बांबूचाही वाटा आहे, आणि तो लोक धरतात त्याहून मोठा आहे असं आमचं मत आहे.

गेले काही हंगाम आम्ही बांबू ठेवून दिला आणि फांदी धरून हलवणारं यंत्र वापरतो. हे मूळचं ऑलिव्हच्या बागांतलं अवजार. ४० ते ५० सीसीच्या गटातलं दोन-स्ट्रोक पेट्रोल इंजिन, त्यापुढे फिरकीचं मागे-पुढे करणारा गिअरबॉक्स, त्यातून निघालेला अडीच-तीन मीटरचा ॲल्युमिनियमचा दांडा आणि टोकाला इंग्रजी सी अक्षरासारखी आकडी. आकडीचा पल्ला, म्हणजे ती मागे-पुढे जेवढी सरकते ते अंतर, पाच-सहा सेंटिमीटर. वजन १२ ते १५ किलो, पट्ट्याने खांद्यावर पेलायचं. बॅटरीवरची यंत्रं हलकी असतात आणि आवाजही कमी, पण चिंचेच्या चिवट फांदीला ती लवकर दमतात.

यंत्रापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे दिवस निवडणं. गाभुळलेली चिंच हलवून पडत नाही. टरफल गरापासून सुटलेलं असतं, खायला ती सगळ्यात गोड लागते, पण देठ अजून हिरवा आणि तंतूदार असतो. अशा शेंगेला झटका दिला की देठाऐवजी डहाळीच मोडते आणि शेंग डहाळीसकट खाली येते. पूर्ण पिकलेल्या शेंगेचा देठ वाळून ठिसूळ झालेला असतो. शेंग देठाच्या सांध्यावर इकडून तिकडे दोन-चार वेळा वाकली की तिथेच तुटते. म्हणून झाडाच्या चार बाजूंनी आणि जमेल तितक्या वरून वीसेक शेंगा तोडून पाहाव्यात. नखाने खरवडल्यावर सालीखाली हिरवं दिसता कामा नये, अंगठ्याने दाबल्यावर टरफल कडकन फुटलं पाहिजे आणि कानाजवळ हलवली की आत गर वाजला पाहिजे. वीसपैकी चार-पाच गाभुळ्या निघाल्या तर आठ-दहा दिवस थांबावं.

फार थांबूनही चालत नाही. मार्चमध्ये अवकाळीचं भय असतं. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट मराठवाडा विसरलेला नाही. भिजलेली चिंच काळी पडते, बुरशी धरते आणि बाजारात तिला कोणी उभं करत नाही. शेंगदाण्याला लागणारा भुंगेरा चिंचेलाही लागतो. झाडावर जास्त दिवस राहिलेल्या शेंगांच्या टरफलावर बारीक गोल भोकं दिसू लागली की त्याने आतल्या चिंचोक्यात घर केलं असं समजावं. तिसरं कारण नवी पालवी. ती फुटल्यावर झाड हलवलं तर कोवळे शेंडे झडतात, मग यंत्र असो की बांबू, फरक उरत नाही.

बांधावरच्या बियांच्या झाडांत प्रत्येक झाडाचा वार वेगळा असतो. एक झाड फेब्रुवारीच्या सुरुवातीला तयार होतं, शेजारचं महिनाभर मागे. तिथे झाडागणिक ठरवावं लागतं. कलमांच्या बागेत हा त्रास कमी. छत्रपती संभाजीनगरच्या हिमायतबाग फळ संशोधन केंद्राच्या ‘प्रतिष्ठान’ आणि ‘नं. २६३’ या वाणांची कलमं १० बाय १० मीटरवर लावलेली असतील तर ओळच्या ओळ एकदम पिकते आणि यंत्र नेणं परवडतं.

आता साल. झाड हलवून काढणीचं शास्त्र सगळ्यात जास्त घोटलं गेलं ते कॅलिफोर्नियाच्या बदामात. तिथे यंत्र बुंधा जबड्यात धरतं, काही सेकंद हलवतं आणि बदाम जमिनीवर पडतात. तिथे झाडाचं जे नुकसान होतं ते बहुतेक सालीचं. झाडात पाणी खेळत असताना सालीच्या आतला वाढीचा थर ओला आणि कोवळा असतो. तेव्हा साल उसाच्या पाचटासारखी सुटते. त्या जखमेतून सेरॅटोसिस्टिस नावाची बुरशी शिरते, खोडावर खोल व्रण पडतो आणि काही वर्षांत फांदी, कधी सगळं झाड जातं. म्हणून तिथले शेतकरी काढणीच्या आधी पाणी तोडतात आणि साल घट्ट बसू देतात.

आपल्याकडे चिंचेला मुद्दाम पाणी कोणी देत नाही, त्यामुळे फेब्रुवारीत कोरडवाहू बांधावरच्या झाडाची साल घट्ट असते. पण बांधाच्या एका अंगाला ऊस असेल, गव्हाच्या पाळ्या चालू असतील किंवा जवळून पाटचारी जात असेल तर तेच झाड रसरशीत असतं. परीक्षा सोपी आहे. अंगठ्याएवढ्या फांदीवर चाकूने बोटभर आडवी चीर द्यावी, तिच्या टोकाला एक उभी, आणि नखाने साल उचलावी. तुकड्या-तुकड्यांनी निघाली तर काम सुरू करावं. सलग सुटली आणि खालचं लाकूड ओलं, गुळगुळीत दिसलं तर त्या झाडाला यंत्र लावू नये. शेजारच्या पिकाची पाळी होऊन पंधरा दिवस गेले की पुन्हा पाहावं. ही परीक्षा बुंध्यावर घेऊ नये. चिंचेच्या बुंध्याची साल जाड आणि भेगाळलेली असते, ती काही सांगत नाही.

आदल्या दिवशी झाडाभोवती एक फेरी मारावी, मान वर करून. उंच चिंचेवर आग्या मोहोळ असण्याची शक्यता मोठी असते. बांबू लागला तर माश्या चवताळतात, आणि फांदीच थरथरली तर सगळं मोहोळ एकदम उठतं. मोहोळ असलेलं झाड आम्ही सरळ सोडतो, त्याची दुसरी बाजूही हलवत नाही. दुसरी पाहणी तारांची. बांधावरून वीज गेलेली असते आणि आपल्या हातात ॲल्युमिनियमचा दांडा असतो. दांडा पूर्ण उभा करून आडवा पडला तरी तारेपर्यंत पोचणार नाही एवढं अंतर ठेवावं, वर चार-पाच मीटर आणखी. जी फांदी तारेच्या बाजूला गेली आहे तिच्यावरची चिंच तशीच राहू द्यावी. वाळकी फांदी दिसली तर ती आधी उतरवून घ्यावी. हलवताना ती अचानक मोडते आणि खाली माणूस उभा असतो.

खाली अंथरायला ताडपत्रीपेक्षा हिरवी शेडनेट बरी पडते, कारण पाला आणि धूळ तिच्यातून गळून जाते. काळ्या रानात ढेकळं असतील तर आधी फळी मारावी, नाहीतर उंचावरून पडलेली शेंग ढेकळावर फुटते, गराला माती चिकटते आणि ती माती पुढे निघत नाही. फोडणाऱ्या बायांना तो माल लगेच कळतो. जाळी झाडाच्या घेराबाहेर दोन मीटर जाईल एवढी हवी, कारण हललेली शेंग सरळ खाली पडत नाही, भिरकावली जाते.

वेळ सकाळी नऊ ते बारा. पहाटे दव असतं, टरफल मऊ पडतं आणि शेंग फांदीला चिकटून राहते. दुपारी दोननंतर टरफल इतकं कडक होतं की पडताच चुरा होतो.

आता आकडी कुठे लावायची. आमच्या हातून सगळ्यात जास्त चुका इथे झाल्या, म्हणून इथे थांबून सांगतो. बुंध्याजवळच्या जाड फांदीला आकडी लावली तर यंत्र थरथरतं, हात थरथरतात आणि फांदी जागची हलत नाही. शेंड्याजवळ लावली तर डहाळी चाबकासारखी फटकारते आणि तिथेच तुटते. मधली जागा शोधायची, म्हणजे फांदी तीन ते पाच सेंटिमीटर जाड आहे आणि तिच्यापुढे शेंगांचा भार आहे अशी. दांडा फांदीशी काटकोनात हवा. तिरका लागला की आकडी प्रत्येक फेऱ्याला सालीवरून सरकते आणि कानस मारल्यासारखी साल घासते. सालीला सरळ दाब पुष्कळ सोसतो, आडवी ओढ सोसत नाही.

आकडी लावल्यावर आधी दांडा हलकेच आपल्याकडे ओढून घ्यायचा, मग थ्रॉटल दाबायचा. ओढ नसेल तर आकडी आणि फांदी यांच्यात फट राहते आणि दर फेऱ्याला आकडी फांदीवर हातोड्यासारखी आपटते. बाहेरून साल शाबूत दिसते, पण आतून ठेचलेली असते. महिन्याभराने तिथे काळा, खोलगट डाग दिसतो. आकडीच्या आतल्या बाजूला ट्रकच्या जुन्या ट्यूबचे दोन थर बसवून घ्यावेत. गुळगुळीत झालेलं रबर त्याच दिवशी बदलावं.

हलवायचं दोन-तीन सेकंद, मग थांबायचं, वर पाहायचं. गरज पडली तर आणखी दोनदा. पिकलेली शेंग पहिल्या दोन झटक्यांत येते. तिसऱ्यांदाही जी आली नाही ती पिकलेली नाही, तिच्यामागे लागू नये. दहा-दहा सेकंद सलग हलवत राहिलं की शेवटी पडतात त्या डहाळ्याच.

वेगाचं गणित डोक्यात पक्कं हवं. मिनिटाला ७५० फेऱ्यांवरून १५०० वर गेलं की शेंगेवरचा झटका दुप्पट होत नाही, चौपट होतो. पल्ला वाढवला तर झटका त्याच प्रमाणात वाढतो, वेग वाढवला तर वर्गाच्या प्रमाणात. म्हणजे थ्रॉटलच्या शेवटच्या पाव भागातच सगळा धोका आहे. आम्ही पाऊण थ्रॉटलवर काम करतो. मात्र तिथपर्यंत पोचायचं झटकन आणि उतरायचंही झटकन. प्रत्येक फांदीची डोलायची स्वतःची एक लय असते आणि ती बरीच मंद असते. यंत्र हळूहळू वेग घेतं तेव्हा त्या लयीतून जातं, फांदी वेडीवाकडी झुलू लागते आणि बेचक्यात ताण येतो. बेचक्यातून चिरलेली फांदी पुढच्या वळवाच्या वाऱ्यात खाली येते.

खाली लोंबणाऱ्या फांद्यांना हे यंत्र लागू पडत नाही. उभ्या आणि आडव्या फांदीतून कंप शेंड्यापर्यंत जातो, लोंबत्या फांदीत तो वाटेतच जिरतो. तिथल्या शेंगा हाताने किंवा साध्या आकडीच्या काठीने काढाव्यात. जमिनीवरून हात पोचतो तिथे यंत्राचा मोह कशाला?

रस्त्याकडेच्या आणि गावठाणातल्या जुन्या चिंचांची गोष्ट वेगळी. तिथे पहिली फांदीच चार-पाच मीटरवर असते आणि हाताच्या यंत्राचा दांडा पोचत नाही. अशा झाडांसाठी ट्रॅक्टरच्या पीटीओवर, म्हणजे अवजारं चालवायला मागे दिलेल्या फिरत्या शाफ्टवर, चालणारी विकेंद्री चकती वर्कशॉपमधून करून घेता येते. चकतीवर मध्यापासून अडीच सेंटिमीटर सरकवलेली पिन, तिला जोडलेला दांडा, तो सरळ रेषेत धावावा म्हणून दोन बाजूंना पोलादी मार्गदर्शक, आणि दांड्याच्या टोकाला पट्टा. पिन अडीच सेंटिमीटरवर म्हणजे पल्ला पाच. पट्टा माल उचलायच्या पॉलिस्टर स्लिंगचा, किमान पाच सेंटिमीटर रुंद. तारेचा दोर अजिबात नको. तो सालीत रुततो, आणि तुटला तर माणूस कापतो.

पट्टा फांदीभोवती टाकताना खाली ट्यूबचं रबर गुंडाळायचं आणि रबराच्या वरच्या अंगाला शंखजिऱ्याची पूड चोळायची. ही युक्ती बदामवाल्यांची. त्यांच्या यंत्रात जबड्याच्या गादीवर दुहेरी आवरण असतं आणि दोन आवरणांच्या मध्ये वंगण. घसरण व्हायचीच असेल तर ती रबर आणि पट्टा यांच्यात व्हावी, रबर आणि साल यांच्यात होऊ नये. ग्रीस लावू नये, ट्यूबचं रबर त्याने फुगतं.

पट्टा बांधायला माणूस शिडीने वर जातो तेव्हा ट्रॅक्टरचं इंजिन बंद आणि चावी वर जाणाऱ्याच्याच खिशात. हा नियम आम्ही मोडत नाही. तो उतरून घेराबाहेर आला की ट्रॅक्टर सात-आठ मीटरवर उभा करायचा, ब्रेक ओढायचा, चाकांना दगड लावायचे आणि हायड्रोलिक थोडं उचलून पट्ट्याला ताण द्यायचा. पट्टा एकाच बाजूला ओढतो, परत जायचं काम फांदीने स्वतःच्या लवचिकपणावर करायचं असतं. पीटीओ पूर्ण ५४० फेऱ्यांवर नेला तर सेकंदाला नऊ ओढी होतात आणि जाड फांदीला परतायला वेळच मिळत नाही. पट्टा मध्येच सैल, मध्येच ताठ होतो आणि धक्के बसतात. ३०० च्या आसपास, म्हणजे सेकंदाला पाच ओढींवर, फांदी लयीत येते. पाच सेकंद पुरतात. पीटीओ शाफ्टवर गार्ड नसेल तर हे काम सुरूच करू नये. उपरणं, पदर, सैल बाही यांपैकी काहीही त्याच्यापासून दोन हातांच्या अंतरात येता कामा नये.

हाताच्या यंत्राचे बिघाड ठरलेले आहेत. पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल लिटरला २० मिली, मोजून. अंदाजाने ओतलेलं जास्त झालं तर प्लग काळा होतो आणि दर तासाला बंद पडतो. कमी झालं तर पिस्टन धरतो आणि खर्च मोठा येतो. चिंचेच्या सालीवरची बारीक धूळ एअर फिल्टरमध्ये बसते, म्हणून तो दर दोन तासांनी झटकावा. दांड्याचे जोड कंपाने सैल होतात, प्रत्येक झाडाआधी पान्याने तपासावेत. आकडीच्या वेल्डिंगला केसाएवढी चीर दिसली तर आकडी बदलावी. तिथेच पुन्हा वेल्डिंग करून घेतलेली आकडी वर अडकून मोडते आणि सरळ खाली येते.

माणसाचंही यंत्रासारखंच आहे. वीस मिनिटं एकाने चालवावं, मग दुसऱ्याने. सलग धरलं की बोटं बधिर आणि पांढरी पडतात. त्याकडे दुर्लक्ष करून वर्षानुवर्षं काम केलं तर बोटांतला तो अधूपणा कायमचा राहतो. हातमोजे, डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांना चष्मा आणि कानाला बोंडं हवीतच. कानात बोंडं असल्यामुळे हाक ऐकू येत नाही, म्हणून वेचणाऱ्या बायांशी खूण ठरवावी. आमची खूण लाल फडक्याची. फडकं वर असेपर्यंत जाळीवर कोणी पाऊल टाकायचं नाही.

यंत्राने झाड पूर्ण रिकामं होत नाही. शेंड्यावर काही शेंगा राहतातच आणि मालक म्हणतो, एवढ्या राहिल्या की हो! झाड उक्तं घेणाऱ्याला तर पुढच्या वर्षाशी देणंघेणं नसतं, तो शेवटच्या शेंगेसाठी बांबू मागतो. सौदा करतानाच बांबू लावायचा नाही असं मालकाने ठरवून घ्यावं. हे कागदावर आलं तर आणखी चांगलं. यंत्राचा खरा फायदा मजुरीतल्या बचतीपेक्षा इथे आहे. वर चढणारा माणूस वाचतो, कारण चिंचेवरून पडणं हे दर हंगामातलं दुखणं आहे, आणि शेंडा वाचतो.

जाळीवरची चिंच त्याच दिवशी उचलावी. फुटलेल्या आणि आख्ख्या शेंगा तिथेच वेगळ्या कराव्यात. एकत्र पोत्यात भरल्या की फुटलेल्यांचा चिकट गर सगळ्यांना लागतो. तीन-चार दिवस उन्हात वाळवून मग फोडणी. १०० किलो शेंगांत साधारण ५५ किलो गर, ३४ किलो चिंचोके आणि बाकी टरफल-शिरा असा हिशेब धरतात. चिंचोकाही वाया जात नाही, त्याच्या पिठाची खळ कापडाला लागते. लातूरच्या बाजारात रंग पाहून भाव ठरतो, आणि २०२४ मध्ये पानचिंचोलीच्या चिंचेला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून स्वच्छ, बिनमातीच्या मालाबद्दलची विचारणा ऐकू येते.

काढणीनंतर दोन दिवसांच्या आत प्रत्येक आकडीची जागा पाहून घ्यावी. साल उचकटली असेल तर धारदार चाकूने कडा घट्ट सालीपर्यंत कापून गुळगुळीत कराव्यात आणि बोर्डो मलम लावावं. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद प्लॅस्टिकच्या बादलीत भिजवावं, लोखंडाच्या नाही. फांदीची साल सगळ्या बाजूंनी निघाली असेल तर मलमाचा उपयोग नाही, ती फांदी खालच्या बेचक्यापाशी करवतीने कापावी. मग पंधरा दिवसांनी एक फेरी आणि पालवी फुटल्यावर आणखी एक. ज्या फांद्यांना यंत्र लावलं त्यांना खडूची खूण करून ठेवलेली असली की त्यांची पालवी न हलवलेल्या फांद्यांच्या पालवीशी ताडून पाहता येते. जिथे फूट विरळ दिसेल तिथे पुढच्या हंगामात आकडी हातभर आत, जाड बाजूला लावायची.